सोमारी माझी, फुलवा तिची

सिमेंटच्या टाकीआड मी वाकून उभी होते. हेरगिरी करत होते, हे आधीच कबूल करते. एकसष्ट वर्षांची बाई, एकतीस वर्षं महानगरपालिकेच्या शाळेत नोकरी केलेली, दोन्ही गुडघे संपावर गेलेले, आणि खराडीतल्या एका अर्धवट टॉवरच्या पार्किंगमध्ये लपून दुसऱ्या बाईचा तास ऐकतेय. पायाखाली चिखल इतका, की माझी एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. आता तिच्यावर तेवीस मजले उभे आहेत.

पार्किंगमधून जोगळेकर बाईंचा आवाज आला. आवाज कसला, कुजबुजच.

"फुलवा, तू वाच पुढे."

फुलवा उठली आणि धडाधड वाचायला लागली. आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसं. मी डोकं बाहेर काढून पाहिलं. ती फुलवा नव्हतीच. ती माझी सोमारी होती. रोज सकाळी माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसणारी आणि दोन महिन्यांत 'क'सुद्धा तोंडातून न काढलेली सोमारी. तिच्या रिपोर्टवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'वाचन : शून्य. बोलण्यात अडचण असावी.'

त्या क्षणी मला जो मत्सर झाला, तसा जावेच्या पाटल्या पाहूनही झाला नव्हता.

आता थोडं मागचं सांगते. निवृत्तीनंतर मी एका छोट्या संस्थेत शिकवायला लागले. काम होतं शाळाबाह्य मुलांचं. शाळाबाह्य म्हणजे कधीच शाळेत न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल. अशा बारा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवत नाहीत, नियमाने तिला वयाप्रमाणे सहावीत घ्यायचं. पण एकदम सहावीत जाऊन ती करणार काय? म्हणून आधी काही महिने तिच्याकडून वाचन आणि गणित घाईने करून घ्यायचं. याला म्हणतात ब्रिज कोर्स. शेवटी बाहेरचा माणूस येऊन परीक्षा घेतो, ती एंडलाइन. ती झाली की जूनमध्ये जवळच्या शाळेत प्रवेश.

आमची मुलं मात्र इथली नव्हती. महाराष्ट्राची पूर्वेकडची सीमा ओलांडली की जे जंगल लागतं, तिथली. त्या भागात वर्षानुवर्षं बंदुकींचा कारभार. एक बाजू वर्दीवाल्यांची, दुसरी जंगलवाल्यांची. गावातली शाळा आधी बंद पडली, मग तिच्यात छावणी बसली, मग ती कुणीतरी उडवली. मुलांनी शाळा पाहिली होती ती एवढीच, म्हणजे तिचे वाकलेले गज. आईबाप मुकादमाच्या मागे पुण्याला आले, टॉवर बांधायला. साइटच्या मागे पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प, तिथे राहायचे.

या साइटवर संस्थेने दोन बाया नेमल्या. सकाळी नऊ ते साडेअकरा मी, गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बारा ते अडीच जोगळेकर बाई, बी टॉवरच्या पार्किंगमध्ये.

मी धायरीची. आमच्या शेतात सोसायट्या उगवल्या तरी आवाज शेतातलाच राहिला. मी 'गप्प बसा' म्हटलं की साइटवरचा काँक्रीट मिक्सर थांबायचा. जोगळेकर बाई सदाशिव पेठेतल्या. नावाजलेल्या खाजगी शाळेतून निवृत्त. कडक इस्त्रीची सुती साडी. सिमेंटची धूळ सगळ्या खराडीवर बसायची, त्या साडीवर बसायला घाबरायची. पहिल्याच ट्रेनिंगमध्ये त्या मला म्हणाल्या, "पोकळेबाई, आपला आवाज मुलांना ऐकू आला तरी पुरे हो. नदीपलीकडच्या मुंढव्याच्या मुलांची सोय वेगळी आहे."

झालं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

माझा खडू माझ्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलूप असं की शनिवारवाड्याच्या दरवाजालाही जड व्हावं. त्यांचा फळा त्या चादरीत गुंडाळून वॉचमनकडे ठेवायच्या, मी हात लावीन म्हणून. साडेअकराला मी निघायचे आणि त्या आत यायच्या. गेटवर आम्ही एकमेकींच्या शेजारून अशा जायचो, की मध्ये कुणी नाहीच. मुलं वाळूच्या ढिगावर बसून हे रोज बघायची. ती बघतायत हे मात्र आम्ही दोघींनीही बघितलं नाही.

आणि खरी चूक इथेच झाली होती. कामाची सुरुवात सर्व्हेने करायची असते. म्हणजे खोल्याखोल्यांतून फिरून मुलांची नावं लिहायची. नियमाने एकच सर्व्हे व्हायला हवा. पण त्यांची यादी मी का बघू, आणि माझी त्या का मागतील? मी माझा केला, त्यांनी त्यांचा केला. माझ्या पटावर एकवीस मुलं. त्यांच्या तेवीस. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पराग सर, वय वर्षं अठ्ठावीस, त्यांनी दोन्ही वर्गांचे फोटो काढले, बेरीज केली आणि देणगीदार कंपनीला कळवलं, चव्वेचाळीस.

मग एके दिवशी ऑफिसात पराग सरांनी पडद्यावर चार्ट दाखवला. जोगळेकर बाईंचा रीडिंगचा बार छताला टेकलेला. माझा इतका बुटका, की जमिनीखाली बेसमेंटला गेलेला.

"मॅडम, यू सी, सेम साइट, सेम प्रोफाइल," पराग सर म्हणाले. "जोगळेकर मॅडमची मेथड काय आहे, ते बघायला पाहिजे."

"मेथड वगैरे काही नाही," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मुलांवर ओरडत नाही, एवढंच."

म्हणून मी टाकीआड.

तर फुलवा वाचत होती. मी बाहेर आले, एका चपलेने, आणि एकतीस वर्षांची शुद्ध भाषा विसरून ओरडले, "ही पोरगी माझी हाय! ही सोमारी हाय!"

जोगळेकर बाईंनी माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं. "ही फुलवा आहे. आपली चप्पल हरवली आहे. मुलगीही हरवली आहे का?"

"दोन महिने शिकवतेय मी हिला!"

"काय शिकवताय? हिला अक्षर येत नव्हतं माझ्याकडे आली तेव्हा."

"सोमारी, सांग बाईंना, रोज सकाळी कोणाकडे बसतेस?"

पोरीने पुस्तक मिटलं. खाली बसली. मान खाली. अगदी माझ्या वर्गात बसायची तशी. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्या माना खाली. मग मी डोकी मोजली. एकवीस. सगळी माझी. वर दोन तान्ही, बहिणींच्या कडेवरची. आकडा फुगवायला बाईंनी तीही पटावर घेतली होती.

आम्ही मुलांसमोरच भांडलो. किती वेळ ते सांगत नाही, पण प्लंबर लोक काम सोडून बघायला आले आणि कुणीतरी खुर्च्याही आणल्या. भांडण संपलं तेव्हा पार्किंगमध्ये एकही मूल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात कोणी आलं नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, गेली असतील तिच्याकडे. बारा वाजता पाहिलं, तिच्याकडेही नाहीत. खरं सांगते, आधी थोडं बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही शेड रिकामी, तेव्हा मी दिवस मोजायला लागले.

कारण एंडलाइनला तीन आठवडे उरले होते. टॉवरचं काम संपत आलं होतं, ही माणसं पुढच्या साइटला कुठे जातील देव जाणे. मुलाचं नाव एका शाळेच्या पटावर चढलं, तर तिथला दाखला घेऊन ते पुढच्या गावी दुसऱ्या शाळेत जाऊ शकतं. नाही चढलं, तर पुढच्या साइटवर ते पुन्हा शाळाबाह्य. सोमारी बारा वर्षांची होती. पुढच्या साइटवर तिच्या डोक्यावर घमेलं आलं असतं.

पराग सरांचा फोन आला. "मॅडम, चव्वेचाळीस मुलं आहेत की एकवीस?"

"एकवीस. जोगळेकर बाई तेवीस म्हणतील."

"दोन्ही ठिकाणी सेम मुलं?"

"हो."

"आणि नावं वेगळी?"

"हो."

"मॅडम, मी कंपनीला काय सांगू?"

"चेहरे नीट बघून फोटो काढत जा, एवढं सांगा स्वतःला," मी म्हटलं आणि फोन ठेवला. हे वाक्य मला जोगळेकर बाईंच्या तोंडचं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

मी सोमारीच्या आईकडे गेले. तिचं नाव बुधरी. खोलीच्या दारात पोचले, तर आत जोगळेकर बाई आधीच बसलेल्या, हातात स्टीलच्या पेल्यात काळा चहा. तिथेही माझ्याआधी!

बुधरीने मलाही चहा दिला. पेला त्यांच्याएवढाच, चहाही तेवढाच. दोन्ही पेले शेजारी धरून तिने माप बघितलं होतं. तिची हिंदी मोडकी आणि माझी त्याहून, म्हणून ती काय म्हणाली ते मराठीतच सांगते.

"तिकडे दोघं यायचे," बुधरी म्हणाली. "वर्दीवाले यायचे, ते नावं लिहायचे. जंगलवाले यायचे, तेही नावं लिहायचे. एकाच्या वहीत नाव सापडलं की दुसरा मारायचा. मग आम्ही यांना एक नाव सांगायचो, त्यांना दुसरं. यांच्याकडचं त्यांच्यासमोर बोलायचं नाही. पोरांना चालायच्या आधी हे शिकवतात."

"पण इथे कोण आहे तसं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जोगळेकर बाईंकडे. "तुम्ही दोघी. पहिल्याच दिवशी दोघींनी वेगवेगळ्या वह्यांत नावं लिहिली. एकमेकींशी बोलत नाही. एकीची पेटी कुलपात, एकीचा फळा बांधलेला."

"अहो, पण आम्ही शिक्षिका आहोत!"

"बंदूक नाही, हे पाहिलं आम्ही," बुधरी म्हणाली. "म्हणून तर पोरांना पाठवलं. दोघींकडे पाठवलं. एकीकडेच पाठवलं असतं तर दुसरी रागावली असती."

मला हसू फुटलं आणि मध्येच अडकलं. जोगळेकर बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पोकळेबाई, आपलं रजिस्टर जवळ आहे का?"

कॅम्पच्या बाहेर टपरीवर आम्ही दोन्ही रजिस्टरं उघडून शेजारी ठेवली. माझ्या सोमारीपुढे होतं, वाचन शून्य, गणित उत्तम. त्यांच्या फुलवापुढे होतं, वाचन उत्तम, गणित शून्य. त्यांचा शेरा, 'आकडे समजत नाहीत, बौद्धिक चाचणी करावी.' एकवीसच्या एकवीस तशीच. बाईंचा जीव गोष्टीत, माझा पाढ्यांत. जे बाईंनी शिकवलं ते मुलं माझ्यासमोर लपवत होती, आणि मी शिकवलेलं बाईंसमोर. पराग सरांच्या चार्टवर बाईंचा गणिताचा बारही बेसमेंटलाच होता. मी बघितलाच नव्हता. माझं लक्ष होतं छताला टेकलेल्या बारवर.

"तुमचा गणिताचा बार फार उंच होता," जोगळेकर बाई चहात बिस्कीट बुडवत म्हणाल्या. "दोन रात्री झोप नव्हती मला. मीही येत असे सकाळी, आपला तास ऐकायला."

"कुठे उभ्या राहायच्या?"

"लिफ्टच्या खांबामागे. आपला आवाज शेडमधून तिथवर येतोच. टाकीपाशी चिखल असतो, हे कोणाच्याही लक्षात येईल."

बुधरीने उपाय सांगितला होता तो साधा होता. एकत्र बसा, एकमेकींचं खा, सगळ्यांनी बघू दे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कॅम्पच्या नळापाशी आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बाईंच्या डब्यात पोळी आणि आमटी. ती इतकी गोड, की मुंग्यांनीसुद्धा विचार केला असता. मी ती प्याले. मधुमेहाची गोळी आधी घेतली आणि प्याले. बाईंनी ठेच्याचा घास घेतला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, नाक लाल, पण पदराने टिपत टिपत दुसरा घास घेतला. बघणाऱ्या बायका आपसांत काहीतरी बोलल्या. मागून कळलं, त्यांना वाटलं चष्मेवाल्या मॅडमना पश्चात्ताप होतोय. बाईंनी तो गैरसमज दूर केला नाही. मीही नाही.

मुलं परत आली. आता एकच वर्ग, माझ्या शेडमध्ये. एकच फळा, त्यांचा. पेटीचं कुलूप मी काढलं. दोन्ही रजिस्टरं पराग सरांकडे परत दिली आणि नवं एकच घेतलं. त्यात नावाचा रकाना मोकळा ठेवला. मुलांनी त्यात आपापलं चित्र काढलं. कुणी मासा, कुणी कुऱ्हाड. सोमारीने मोहाचं फूल काढलं. चित्रावर हजेरी घ्यायची हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. सुचलं होतं बाईंना. मला सुचायला हवं होतं.

पण एकत्र जेवल्याने काम भागलं नाही. मुलं माझ्याकडे तोंड करून गणितं सोडवायची आणि बाईंकडे तोंड करून वाचायची. उलटं विचारलं की मान खाली. एक आठवडा गेला. मी बाईंच्या वाचनाला मान डोलवत होते, पण मनातून नाही. आणि हे पोरांना कळत होतं. ज्यांचं जगणं माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची बाजू ओळखण्यावर चाललं, त्यांच्यासमोर कसलं नाटक करणार?

एके दिवशी बाईंनी फळ्यावर भागाकार मांडला आणि चुकवला. मुद्दाम चुकवला असं त्या आजही म्हणतात. माझा विश्वास नाही. आधीची मी असते, तर तो भागाकार धायरीपर्यंत ऐकू गेला असता. जीभ वळवळत होती. मी ती दातांत धरली. मग माझ्याच्याने राहवेना, तेव्हा म्हटलं, "बाई, भागाकार राहू दे. मला ती कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवा. तुमच्यासारखं वाचायला मला कधीच जमलं नाही."

हे खरं होतं. बोलताना माझा आवाज बाईंएवढा खाली आला, म्हणून मुलांनाही खरं वाटलं असावं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आधी हा भागाकार कुणीतरी सोडवा," त्या म्हणाल्या. "मला येत नाही."

मग सोमारी उठली. माझ्या उघड्या पेटीतून खडू घेतला, बाईंच्या फळ्यावर गेली, चुकीचा आकडा पुसला आणि बरोबर लिहिला. वर बाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि कोल्ह्याची गोष्ट मला वाचून दाखवली. मला! मोठ्याने! ती संपेपर्यंत मी पदर तोंडाला लावून बसले होते. ठेचा नव्हता खाल्लेला.

एंडलाइन झाली. एकवीसपैकी तीन मुलं त्याआधीच आईबापांबरोबर दुसऱ्या साइटला गेली, त्यांचं वाईट अजून वाटतं. उरलेली अठरा बोलली, वाचली, गणितं केली. जूनमध्ये जवळच्या शाळेत दाखल करायला आम्ही दोघी त्यांना घेऊन गेलो. बुधरीही आली.

शाळेचा क्लार्क तोंडात सुपारी धरून बसला होता. वर न बघता म्हणाला, "नाव?"

"सोमारी," मी म्हटलं.

"फुलवा," जोगळेकर बाई म्हणाल्या.

सवय काही जात नाही.

"बायकांनी बाहेर जाऊन ठरवा," क्लार्क म्हणाला. "मागे रांग आहे. मतदान घ्यायला वेळ नाही मला."

"अहो, जरा नीट बोला," मी म्हटलं.

"नीटच बोलतोय. ओरडू नका. आणि तुम्ही कुजबुजू नका. पुढे!"

तेव्हा पोरगी टेबलापाशी गेली आणि तिने त्याला एक नाव सांगितलं. सोमारी नाही, फुलवाही नाही. तिसरंच. मागे उभ्या बुधरीने मान हलवली. हेच ते. जन्माचं, खरं. क्लार्कने सुपारी या गालातून त्या गालात केली, नाव लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचा."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "आम्हाला इतके महिने सांगितलं नाहीस, त्या माणसाला कसं सांगितलंस?"

ती म्हणाली, "तो दोघींवर सारखाच खेकसला."

आम्ही दोघी बस स्टॉपपर्यंत चालत गेलो. मग बाई म्हणाल्या, "त्या माणसाचा उच्चारही धड नव्हता." मी म्हटलं, "आणि अक्षर पाहिलंत का त्याचं? मुंगीने शाईत पाय बुडवलेत." त्या क्लार्कवर आम्ही खराडी ते स्वारगेट जळत गेलो. तेवढा वेळ आमचं एकमेकींशी इतकं पटलं, की कंडक्टरने आम्हाला बहिणी समजून एकत्र तिकीट दिलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तिने ते क्लार्कला सांगितलं होतं, मला नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. भांडणाच्या मुलखातून आलेल्या मुलांसाठी दोन बाया नेमणार असाल, तर पदव्या नंतर बघा, आधी त्यांचं आपसांत पटतं का ते बघा. तुम्ही बघितलं नाहीत, तरी मुलं पहिल्या दिवशीच बघतात.